समुद्रावर न ऐकू आलेलं घुंगरू

मी एक जुनं पितळी घुंगरू आहे. नाचणारणीच्या पायातलं नव्हे हं, बैलाच्या गळ्यातलं, लिंबाएवढं. चिखलीच्या बाजारात गफ्फारमियांनी मला ओतलं, पोटात लोखंडाची गोळी घातली आणि कानाशी धरून हलवलं. "याचा आवाज शिवारभर जाईल," ते म्हणाले. मित्रांनो, त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं फुगून राहिलो.

अमडापूरजवळच्या एका मळ्यात सरदार नावाच्या बैलाच्या गळ्यात मी वाजलो. सरदार मोठा चुकार. सुटला की दुसऱ्याच्या ज्वारीत. मग घरधन्याची लेक कोकिळा बांधावर उभी राहायची, डोळे मिटायची आणि नुसत्या माझ्या आवाजावरून बोट दाखवायची, "बाबा, तो पाहा, ओढ्याच्या पलीकडे." तिचं बोट कधी चुकलं नाही.

सरदार गेला, घुंगरमाळ विस्कटली. कोकिळेचं लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी चालायला लागली तशी कोकिळेची झोप उडाली. विहीर, चूल, रस्त्यावरची जीप, सगळीकडे तिला धोकाच दिसायचा. तिनं माहेरून मला मागून आणलं आणि काळ्या गोफात ओवून मुलीच्या, गोजरच्या, कमरेला बांधलं. "आता कुठंही जा," ती म्हणाली. बैलाचं घुंगरू पोरीला! गावातल्या बाया हसल्या. मला मात्र पुन्हा काम मिळालं होतं.

गोजर तीन वर्षांची असताना घरची माणसं दक्षिणेच्या यात्रेला निघाली. कोकिळा, तिचा नवरा पंजाबराव, सासू मनकर्णाबाई आणि चिखलीकडची बरीच मंडळी. वाटेत मलबारातल्या एका गावी अर्ध्या दिवसाची सहल होती. त्या गावात रस्त्यांऐवजी कालवे. घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. आमच्या होडीत छत्रीवाला वाटाड्या मोडक्या हिंदीत माहिती सांगत होता, आणि शांत पाण्यावर माझा आवाज दोन्ही काठांना जाऊन लागत होता.

"ये बच्ची है कि बैलगाडी?" वाटाड्यानं विचारलं. होडी हसली.

पंजाबराव शरमले. "काढून टाक ना ते. लोक हासून राह्यले."

"हासू द्या," कोकिळा म्हणाली. "पोरगी ऐकू तं येते."

नंतर होडी कोळ्यांच्या वस्तीला लागली. वाळूच्या चढापलीकडे समुद्र होता. कोकिळा कॉलेजात शिकलेली, भरती-ओहोटी तिला पुस्तकातून पाठ होती, समुद्र मात्र ती पहिल्यांदाच पाहत होती. तिनं गोजरचा हात नवऱ्याच्या हातात दिला.

"जरा पाहा हिच्याकडे. मी पाय ओले करून येतो."

"हाव, जाय. घुंगरू हाय ना तिच्या कमरेले."

कोकिळा गेली. पंजाबराव एका ओळखीच्या गृहस्थाशी कपाशीच्या बोंडअळीबद्दल बोलायला लागले. बोलताना त्यांना हातवारे लागतात. हात सुटला.

गोजर एका खेकड्यामागे धावली. मी वाजलो. ती वाळू उतरली, मी वाजलो. पाणी तिच्या गुडघ्याशी आलं तेव्हा तर मी असा वाजलो, जसा सरदारच्या गळ्यातही कधी वाजलो नव्हतो. पण समुद्राला एवढा आवाज असतो, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. आमच्याकडचं पाणी विहिरीत गप्प बसतं. पाठमोरी कोकिळा डोळे मिटून कानोसा घेत होती. तिला फक्त लाट ऐकू आली.

दुसऱ्या लाटेनं गोजरला पाडलं. माझ्या पोटात खारं पाणी शिरलं. जाळं ओढणाऱ्या एका कोळिणीनं धावत येऊन कमरेच्या गोफाला धरूनच तिला वर उचललं. ती ओकली, मग रडली.

सगळे धावले. मनकर्णाबाईंनी नात छातीशी घेतली आणि सुनेकडे वळल्या. "पोरीले सोडून काऊन गेली व तू? एवढी शिकली, काय उपेग?"

कोकिळेनं नवऱ्याकडे पाहिलं. एक वाक्य त्यांनी बोलायचं होतं. त्यांनी वाळूकडे पाहिलं आणि म्हणाले, "घुंगरू वाजलंच नाही. वाजलं असतं तं मले ऐकू आलं नसतं का?"

मित्रांनो, मी वाजत होतो.

परत आल्यावर गावभर एकच गोष्ट झाली, कोकिळेनं समुद्रावर पोर हरवली होती. पंजाबराव ती पाहुण्यांना सांगतात, चांगली रंगवून सांगतात. कोकिळा चहा ठेवते. समुद्र कसा होता, हे तिला आजवर कोणी विचारलेलं नाही. तिनं मला गोफातून सोडवलं आणि डब्यात ठेवलं. खाऱ्या पाण्यानं माझी गोळी गंजून चिकटली आहे. आता मी खरंच वाजत नाही, त्यामुळे पंजाबरावांचं म्हणणं सगळ्यांना पटतं.

म्हणून सांगतो, मित्रांनो. पितळ घासलं तर उजळतं, मला घासलं नाही तरी चालेल. पण लेकराची राखण घुंगरावर सोडू नका. हात धरला असेल तर धरून ठेवा. आणि लेकरू हरवलं की आईकडे बोट दाखवण्यापूर्वी, हात कोणाचा सुटला ते एकदा विचारा.