किहीमला तारा विझला नाही

सुचिताच्या मेडिकलसमोर शटर उघडायच्या आधीच रांग लागली होती, आणि रांगेतल्या एकालाही औषध नको होतं. कुणाच्या कडेवर तापानं फणफणलेलं पोर, कुणाच्या हातात नारळ. तळा गावाहून पहिल्या एसटीनं आलेल्या एका म्हातारीनं तर पायरीवरच डोकं टेकलं. मुरूडच्या बाजारात घरोघर एकच गोष्ट चालली होती: नाखव्यांची सून आभाळातला तारा विझवते.

रांगेच्या तोंडाशी तिचा दीर विनेश कपाळभर गंध लावून उभा होता. महिन्याभरापूर्वी हाच माणूस आपल्या लॉजवरच्या पर्यटकांशी गरम पाण्यावरून भांडायचा. आता तो आवाज खाली आणून सांगत होता, "वहिनी डोळा मिटते तेव्हा वर वात विझते. तुमची पीडा त्या ताऱ्याला बांधायची. तारा विझला, की पीडा विझली." लॉजच्या सगळ्या खोल्या भरल्या होत्या. गरम पाण्याबद्दल आता कुणी बोलत नव्हतं.

मुळात झालं होतं ते इतकंच. सुचिताचा नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. दुकान मिटलं, की ती आणि शाळेत विज्ञान शिकवणारी तिची मैत्रीण मृणाल किनाऱ्यावर दुर्बीण लावून बसायच्या. सूर्याभोवती फिरणारा एखादा भला मोठा दगड, म्हणजे लघुग्रह, कधीतरी नेमका एखाद्या ताऱ्याच्या आड येतो. तारा काही क्षण झाकला जातो. त्याला पिधान म्हणतात. कुठून किती वेळ झाकला गेला ते हौशी मंडळी मोजून कळवतात, आणि त्यावरून त्या दगडाचा आकार ठरतो. पुढची पिधानं कधी आणि कुठून दिसणार, ते वेबसाइटवर कुणालाही वाचता येतं.

दिवाळीनंतरच्या एका पिधानाला सुचितानं हौसेनं दुकानाबाहेर फलक लावला, की पाहायला या. पंधरा-वीस माणसं आली. दुर्बिणीला कॅमेरा आणि कॅमेऱ्याला लॅपटॉप जोडून तिनं सगळ्यांना तारा दाखवला. सांगितलेल्या वेळी तो गेला आणि परत आला. तिनं दगड समजावला, सावली समजावली. लोकांनी त्यातलं फक्त 'हिनं सांगितलं आणि तारा गेला' एवढंच घरी नेलं. उरलेलं विनेशनं भरलं. ती चिडून नाही म्हणाली, की तो हात जोडून लोकांना सांगायचा, "बघा, थोरांना मोठेपणा नको असतो."

पुढचं पिधान रांग लागली त्याच दिवशी संध्याकाळी होतं. आणि लॉजच्या खालच्या खोलीत दादू पडला होता.

दादू म्हणजे सुकी मासळी विकणाऱ्या चंद्राबाईचा नवरा. त्याला कावीळ झाली होती. सुचिता त्याला पाहायला गेली, तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे होते. पण तिला धसका बसला तो त्याच्या बोलण्याचा. तो तिला भलत्याच नावानं हाक मारत होता आणि वाक्य अर्ध्यावर सोडून पेंगत होता. कावीळ डोक्यात चढू लागल्याचं ते लक्षण, हे तिला माहीत होतं. आत्ताच्या आत्ता अलिबागच्या हॉस्पिटलात न्यायला हवं, असं तिनं चंद्राबाईला सांगितलं.

चंद्राबाई जागची हलली नाही. "आज सांजचा तुजा तारा इजनार हाय. आदी त्यो बगू. इनेश बोलला, देवी जितं, तितं तारा इजतो."

सुचितानं फोनवर आजच्या पिधानाचा नकाशा उघडून पाहिला. मग म्हणाली, "असं म्हणाला? मग मावशी, काकांना घेऊन माझ्याबरोबर चला. मी आज अलिबागच्या पुढं, किहीमला असणार आहे."

दारातल्या विनेशचा चेहरा पडला. अख्खी आळी लॉजच्या गच्चीवर जमणार होती. पण स्वतःचंच बोलणं चारचौघांत खोटं कसं पाडणार? जीपही त्याचीच होती. तिनं त्यालाच गाडी चालवायला बसवलं. मृणालला एक दुर्बीण देऊन गच्चीवर ठेवलं, दुसरी जीपमध्ये घातली.

वाटेत तिनं हॉस्पिटलला फोन करून ठेवला. अलिबाग आलं, तेव्हा तिनं पुन्हा विनवलं. चंद्राबाईनं मान हलवली. हॉस्पिटलची पाटी मागं गेली, आणि सुचिता दादूची नाडी धरून बसून राहिली. आपण एका माणसाच्या जिवावर उदार झालोय की काय, असं तिला वाटून गेलं. पण या बाईला ओढून नेलं असतं, तर उद्या तिनं नवऱ्याला तिथून परत आणलं असतं.

किहीमच्या किनाऱ्यावर अंधार पडत होता. दादू जीपमध्येच आडवा होता. सुचितानं दुर्बीण लावली, पडद्यावर तारा आणला आणि मृणालला व्हिडिओ कॉल केला. फोनवर मुरूडची गच्ची दिसली, माणसांनी गच्च भरलेली. विनेश वाळूत मांडी घालून पुटपुटू लागला.

तो क्षण आला. फोनमधून एकदम गलका झाला. मृणालच्या पडद्यावरचा तारा गेला होता. तिथं देवी नव्हती, तरी गेला होता. आणि इथं, देवीच्या हाताखालच्या पडद्यावर, तो तसाच चमकत होता.

"देवी कोपली," विनेश म्हणाला. "गाव सोडलं ना, म्हणून."

सुचितानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. चंद्राबाईला तिनं कनवटीची सुपारी काढायला लावली. समोर समुद्रात एका होडीचा दिवा होता. "हात लांब करा मावशी. एक डोळा मिटा. दिवा झाकेल अशी सुपारी धरा. आता हात न हलवता उघडा डोळा मिटा, मिटलेला उघडा."

चंद्राबाईनं केलं; झाकलेला दिवा सुपारीच्या बाजूला दिसला. मग पुन्हा केलं.

"एक डोळा म्हणजे मुरूड, दुसरा किहीम," सुचिता म्हणाली. "सुपारी म्हणजे तो दगड. मुरूडवरून दगडाची सावली गेली, किहीमवरून नाही गेली. आजची सावली कुठून जाणार ते मला आधीच माहीत होतं, म्हणून तर तुम्हाला इथं आणलं."

"दिवा तं हाय तितंच हाय," चंद्राबाई हळू म्हणाली.

"तिथंच आहे. तो कुणी विझवला नाही."

"मंग दादूची कावील?"

"ती त्यांच्या लिव्हरात आहे. ताऱ्याला तिचा पत्ता नाही."

चंद्राबाई उठली. पुटपुटणाऱ्या विनेशच्या खांद्याला धरून तिनं त्याला उभं केलं. "गाडी फिरव. आता तोंड बंद आन हात स्टेरिंगवर."

अलिबागला डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण हाताबाहेर गेलेलं नाही. सकाळपर्यंत दादूनं बायकोला तिच्या नावानं हाक मारली. पुढं काही आठवड्यांनी तो घरी आला.

पण त्या सकाळी सुचिता मुरूडला उतरली, तेव्हा रांग होतीच. रातोरात परतलेल्या विनेशनं नवीन शोध लावला होता: शक्ती आता मृणालबाईंत शिरली आहे. मृणाल बिचारी शाळेच्या दारात अडकून पडली होती. सुचिता तशीच, न झोपलेल्या डोळ्यांनी, दुकानाच्या पायरीवर चढली.

"काल तारा गेला तेव्हा मी इथं नव्हते," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मृणालही नसेल. दुर्बिणीशी तुमच्यातलं कुणीही बसा. तारा तरीही झाकला जाईल, कारण त्या दगडाला आम्ही दोघी माहीतच नाही."

मागून एक पुरुष तिरसटपणे म्हणाला, "म्हणजे देव खोटा म्हणता?"

"मी देवाबद्दल बोलत नाही. माझ्याबद्दल बोलते. मी देवी नाही, हे माझ्याइतकं पक्कं कुणाला माहीत असणार? काल एक माणूस माझ्या नावानं मरत होता. ते मी पुन्हा होऊ देणार नाही. मग घरातले रागावोत, नाहीतर तुम्ही."

काही माणसं कुरकुरत निघून गेली. विनेश लॉजच्या दिशेनं सटकला. उरलेली उभी राहिली.

"हे कसं कळतं ते मी शिकवीन, ज्याला हवं त्याला," ती म्हणाली. "ज्याला खरंच काही येतं, तो ते शिकवू शकतो. जो नुसतं 'माना' म्हणतो, त्याला तिथंच विचारा, कसं केलंस ते दाखव. मलाही विचारा. मला आधी."

मग कालपासून लॉजवर थांबलेली तळ्याची ती म्हातारी पदर सावरत पायरीजवळ आली आणि म्हणाली, "बरं, मंग सांग. दगड येवढा मोठा, तं आमच्या डोक्यावर का पडत न्हाय?"

सुचिता तिच्या शेजारी पायरीवर बसली आणि सांगू लागली.