राहेलीचं आख्यान

आमच्या घरी सिनेमा बंद, रेडिओवर फक्त बातम्या. त्यामुळे प्रेम व्यक्त करायला माझ्याकडे कीर्तन तेवढं उरलं होतं. त्र्याहत्तर साली, अठराव्या वर्षी, सोलापुरातल्या आमच्या चर्चमध्ये मला पहिल्यांदा उभं केलं, आणि मी राहेलीचं आख्यान धरलं. अर्थात बायकांच्या बाजूला बसलेल्या करुणा लोंढेसाठी. राहेलीशी लग्न व्हावं म्हणून याकोबानं तिच्या बापाची, लाबानाची, मेंढरं सात वर्षं राखली. हे मी इतकं आळवलं, की ती सात वर्षं सगळ्या मंडळीला सोसावी लागली.

कीर्तन संपल्यावर करुणाचे वडील, लोंढेमास्तर, सगळ्यांदेखत पुढं आले.

"लई गोड गायलास. पण लाबान काय म्हणाला, ते गाळलंस की!"

"काय, मास्तर?"

"थोरलीच्या आधी धाकटी द्यायची रीत न्हाय. आमच्यातबी न्हाय."

मंडळी खो खो हसली. मला संडेस्कूलमध्ये नाक पुसायला शिकवणारी, करुणाची अजून बिनलग्नाची थोरली बहीण मार्थाताई माझ्याकडे कौतुकानं पाहू लागली. करुणा तोंडात पदर कोंबून हसत होती. देवाची करुणा, तिनं माझ्याकडे पाहिलं तरी!

पुढचं कीर्तन मी योनाचं केलं. त्यात मुलगी नाही, नुसता त्याला गिळणारा मासा.