डाव्या हाताचा कोयता

मी अंजनाबाईचा कोयता बोलतोय. क्षमा वगैरे मला येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

भांडुपच्या लोहाराने मला घडवलं, तेव्हा ही कोळीण समोर उभी राहून बजावत होती, धार डाव्या हाताची काढ. बाई डावखुरी. मुलुंडच्या मासळी बाजारात वीस वर्षं आम्ही एकाच ओट्यावर सुरमई कापली. माझी मूठ झिजून झिजून तिच्याच तळव्याच्या मापाची झाली.

गेल्या थंडीत तिला सर्दी-ताप झाला. चार दिवसांत उठून ती ओट्यावर हजर. पण पंधरा दिवसांनी बोटांना मुंग्या यायला लागल्या. मासळीवाल्यांची बोटं बर्फाने बधिर होतातच, त्याचं कोणाला काही वाटत नाही. शेजारच्या ओट्यावरची हेमांगी म्हणाली, बर्फाचंच आहे, कोमट पाण्यात धर. बाईने धरली. पाचव्या दिवशी मी तिच्या हातातून निसटलो आणि मला उचलायला वाकलेली अंजनाबाई उठलीच नाही.

डॉक्टरांनी तिच्या लेकीला, रोशनीला, समजावलं. ताप गेला, पण तापाशी लढायला उठलेलं शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलं. बरी होईल, पण महिने लागतील.

ओटा सांभाळते म्हणून हेमांगीने मला उचललं. महिन्याभरात ती गिऱ्हाइकांना सांगू लागली, मावशीचे हात मेले, आता ती काही येत नाही. ओट्यावर स्वतःच्या मासळीच्या पाट्या मांडल्या. तिच्या कोयत्याला माझ्यासारखी धार नव्हती, म्हणून माझ्यावरही हक्क सांगितला.

मग मीही हिसका दाखवला. तिचा हात उजवा, माझी धार डावी. ती सरळ कापायला जायची, मी तिरका शिरायचो. सुरमईचा तुकडा एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला कागद. पापलेटाची तर मी पार वाट लावली. जुनी गिऱ्हाइकं नाकं मुरडून पुढे गेली. मला मनापासून आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू?

सात महिन्यांनी अंजनाबाई रोशनीच्या खांद्याचा आधार घेत आली. हेमांगी जागची हलली नाही.

"मावशी, तुझ्या बोटांत जीव नाय. कापलं तरी कळायचं नाय तुला," म्हणाली, आणि सगळ्यांदेखत मला तिच्यापुढे सरकवलं.

बाईने मला डाव्या हातात घेतलं, पुढ्यात बांगडा ठेवला. पकड सैल होती. हेमांगीच्या रक्तासाठी मी सात महिने टपलेलो, आणि रुतलो ते माझ्याच बाईच्या बोटात. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

अंजनाबाई बोटाकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"झोंबलं," ती म्हणाली. "रोशनी, झोंबलं गं मला."

मग बोट पदरात गुंडाळून हेमांगीकडे वळली. "दुखतंय मला. ऊठ आता."

हेमांगी उठली.

सध्या आम्ही सकाळी दोनच तास बसतो. तुकडे जरा वाकडे येतात, चालवून घ्या. पण पलीकडून हेमांगीने हाक मारली, तर वळू नका. एवढं माझ्यासाठी करा.