बुजऱ्याचा डावा कान

घोड्याचं कागदावरचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण तबेल्यात सगळे त्याला बुजऱ्या म्हणत आणि ते नाव त्यानं स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलं होतं. तो बादलीला बुजायचा. रिकामी असली तर बुजायचा, भरलेली असली तर जास्त बुजायचा. छत्री, दोरीवरचा टॉवेल, मास्तरांची शिंक, स्वतःचीच सावली. एकदा कबुतरानं पंख फडफडवले तेव्हा त्यानं पाठीवरच्या पोरीला कुंपणावर असं भिरकावलं की तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

ती पोरगी म्हणजे काडी. वय सोळा. अंगानं काडी आणि पेटायलाही काडीइतकाच वेळ. हाड जुळून आलं तशी ती तबेल्यात परतली आणि सरळ बुजऱ्याच्या ठाणापुढे जाऊन उभी राहिली.

"दुसरा घोडा घे," मास्तर म्हणाले. ते घोडेस्वारी शिकवायचे आणि त्यांचा आवाज असा होता की भिंतीचा गिलावा सुटावा. "हा बिनकामाचा. आकार घोड्याचा, काळीज उंदराचं."

"असू दे. मी काही मांजर नाही."

मास्तर हसले. घरी आई मात्र हसली नाही. "माझ्या पोरीच्या हाडांवर शिकणार का तो घोडा?" एवढंच म्हणाली आणि पुढं आठ दिवस बोलली नाही.

काडीनं पहिले दोन महिने त्याच्यावर खोगीर चढवलंच नाही. रोज शाळा सुटली की ती बुजऱ्याच्या ठाणात जाऊन बादली पालथी घालायची आणि तिच्यावर बसून गृहपाठ करायची. बादलीवरच, मुद्दाम. बुजऱ्या कोपऱ्यात अंग चोरून उभा राहायचा. मग एक दिवस त्यानं तिची भूगोलाची वही हुंगली. दुसऱ्या दिवशी खाल्ली. काडीनं बाईंना खरं कारण सांगितलं आणि वर्गाबाहेर उभी राहिली.

नाल ठोकायच्या दिवशी तबेल्यात रणधुमाळी. नालबंदानं एक पाय उचलला की बुजऱ्या उरलेल्या तीन पायांवर नाचायचा. अशाच एका दिवशी काडीनं अंगातला जुना स्वेटर काढला, कोपरावर विरलेला, घामट, आणि त्याच्या डोळ्यांवरून टाकून बाह्या जबड्याखाली नुसत्या धरून ठेवल्या. बुजऱ्यानं नाक फुगवून वास घेतला. मग पोटातून लांबलचक सुस्कारा सोडला आणि ते भलंमोठं डोकं तिच्या छातीवर टेकवून उभा राहिला. चारही नाल बसले. नालबंद म्हणाला, "पोरी, माझ्या बायकोसाठी पण असला एक स्वेटर दे."

तेव्हापासून स्वेटर ठाणाबाहेरच्या खिळ्यावर टांगलेला असायचा. त्याला कोणी हात लावायचा नाही असा काडीचा कायदा होता. मामासुद्धा नाही. हे मामा म्हणजे तबेल्यातले सईस. वीस वर्षं घोड्यांना खरारा करून त्यांचे हात खरखरीत झाले होते, पण घोड्यांची भाषा त्यांनीच तिला शिकवली होती.

"घोड्याचे पाय खोटं बोलतात," मामा सांगायचे. "मारून मुटकून पाय कोणाचेही हलतात. तू कान बघ. ज्याच्याकडे कान, त्याचा घोडा."

बुजऱ्याचे कान आधी सतत पुढं, जगावर रोखलेले. चौथ्या महिन्यात काडी पाठीवर असताना डावा कान पहिल्यांदा मागं वळला, तिच्याकडे. ती मैदानातच रडली. वर्ष भरत आलं तसं ठरूनच गेलं, उजवा कान जगासाठी, डावा काडीसाठी. तिनं एक लांब श्वास सोडला की डावा कान वळायचा आणि मागोमाग तोही श्वास सोडायचा. तोंडानं चुचकारायची सोय नव्हतीच, कारण ती ज्या स्पर्धेची तयारी करत होती तिथं स्वारानं घोड्याशी आवाजानं बोललं तर गुण कापतात.

स्पर्धा ड्रेसाजची. म्हणजे वाळूच्या आखीव मैदानात, कडेला अक्षरांच्या पाट्या, आणि घोड्यानं त्या पाट्यांच्या हिशेबानं चालायचं, दुडकायचं, गोल फिरायचं, मध्यावर पुतळ्यासारखं थांबायचं. बघणाऱ्याला वाटतं घोडा आपणहून करतोय. स्वाराचं कसब म्हणजे कसब दिसूच न देणं. समोरच्या टोकाला परीक्षकांची खोली, तिच्यापुढे फुलांच्या कुंड्या ओळीनं. बुजऱ्यासाठी त्या कुंड्या म्हणजे तोंड आ करून बसलेले वाघ. काडीनं महिनाभर घरच्या कुंड्या सायकलवरून तबेल्यात नेल्या आणल्या. दोन फुटल्या.

स्पर्धेच्या सकाळी आईनं तिचा अंबाडा घालायला घेतला. शिरस्त्राणाखाली केस नीट बसायला हवेत. एरवी पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी आईनं तीन वेळा घातला, तीन वेळा सोडला.

"आई, पुरे की. मला त्याच्यापाशी जायचंय."

"थांब गं. पिना टोचतील. हलू नकोस."

अर्धा तास गेला. ती धावत ठाणापाशी पोचली तेव्हा मास्तरांनी खोगीर चढवून ठेवलं होतं. बुजऱ्या शांत उभा होता. काडीला भरून आलं. नवी जागा, भोंग्यांचा आवाज, तीस अनोळखी घोडे, आणि हा शांत! तिला वाटलं, आलं फळ.

घंटा झाली. ती मैदानात शिरली. बुजऱ्या सरळ रेषेत गेला, थांबला. काडीनं मान झुकवून परीक्षकांना सलाम केला. कुंड्यांपाशी तिनं सवयीनं श्वास सोडला आणि डाव्या कानाकडे पाहिलं.

कान वळला नाही.

दोन्ही कान बाजूंना लोंबत होते, उन्हानं मलूल झालेल्या पानांसारखे. तिनं पुन्हा श्वास सोडला. काही नाही. कुंड्या गेल्या, झेंडा फडफडला, गर्दीत कोणाचं तरी मूल किंचाळलं. बुजऱ्याला कशाचं काही नव्हतं. एका वळणावर त्याचा मागचा पाय वाळूत फरफटला आणि तो गुडघ्यात लवला. काडीनं सावरलं. सहा मिनिटं ती पाठीवर होती आणि त्या सहा मिनिटांत तिच्याखाली कोणीच नव्हतं. सोफ्यावर बसावं तसं ती बसली होती.

टाळ्या पडल्या. फळ्यावर गुण लागले, एकोणसत्तर टक्के, पहिला क्रमांक. परीक्षकांच्या शेऱ्यात लिहिलं होतं, 'शांत आणि आज्ञाधारक घोडा. स्वारावरचा विश्वास उठून दिसतो.'

ठाणात येऊन तिनं खोगीर उतरवलं. बुजऱ्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात माशी बसली. ह्याच्या पाठीवर माशी बसली तर पोटापर्यंत कातडी थरथरायची. आता माशी डोळ्यात फिरत होती आणि पापणी हलत नव्हती. काडीनं माशी हाकलली आणि मान कुरवाळली. आयाळीखाली बोटाला काहीतरी खरखरलं. मोहरीएवढा वाळलेला रक्ताचा थेंब.

इथंही ठाणाबाहेर खिळा शोधून तिनं कालच स्वेटर टांगला होता. तिनं तिकडे पाहिलं. स्वेटर तिथं होता, पण उलटा टांगलेला. दोन्ही बाह्या एकमेकींना बांधलेल्या होत्या. तिनं कधीच गाठ मारली नव्हती. ती नुसती धरायची. ही गाठ एका ओढीत सुटणारी होती, दावणीची, मामांच्या हातची.

मामा मागं घमेल्यात लीद भरत होते.

"मामा, माझा स्वेटर कोणी घेतला?"

"मला काय ठाऊक? इतकी माणसं येतात जातात."

"गाठ तुमची आहे."

मामांचं फावडं थांबलं. वर बघायची हिंमत त्यांना झाली नाही. "मी फक्त धरलं गं. सुई मास्तरांनी टोचली. हे तुझ्या स्वेटराशिवाय उभंच राहीना. वास आला तसं मान टाकून उभं राहिलं बिचारं."

म्हणजे काडीचा वास आल्यावर त्यानं मान पुढं केली होती. वर्षभर बादलीवर बसून तिनं त्याला जे शिकवलं, ते ह्यांना सुई टोचायला उपयोगी पडलं.

तेवढ्यात मास्तर हात पसरून आले, मागं आई. "एकोणसत्तर! अगं, मी इतक्या वर्षांत..."

"काय टोचलंत त्याला?"

मास्तरांचे हात खाली आले. एक नजर मामांवर, एक आजूबाजूला. "हळू बोल. जरासं शांत करायचं औषध. फक्त आजच्यापुरतं. सगळेच देतात."

"सगळे म्हणजे कोण? नावं सांगा."

"तोंड सांभाळ. तुला पहिली आणलीय मी."

"मला कुठं? औषधाच्या बाटलीला आणलीत. बक्षिसाचा पट्टा तिच्याच गळ्यात घाला."

आईनं तिचा दंड धरला. "काडे, ऐक. मीच म्हटलं त्यांना, काहीतरी करा म्हणून. तू पडलीस तेव्हा मी तिथं होते. ते हाड मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. तू नाही ऐकलास, तू बेशुद्ध होतीस. मला फक्त तू धड घरी यायला हवी होतीस."

"धड? पाय फरफटत होता त्याचा! गुंगीत लवला आणि माझ्यासकट कोलमडला असता तर? बुजलेला घोडा निदान स्वतःला तरी सांभाळतो." मग तिचा हात आपोआप डोक्याकडे गेला. "आणि अंबाडा? म्हणून तीनदा?"

आईनं तिचा दंड सोडला. केसानं गळा कापतात म्हणतात. हिच्या आईनं केस विंचरता विंचरता कापला होता.

मामांचं फक्त, मास्तरांचं फक्त, आईचं फक्त. तिघांच्या तीन फक्तांत तिचं अख्खं वर्ष गेलं होतं. दुश्मनानं केलं असतं तर काडी नुसती पेटली असती. इथं कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि वर म्हणत होतं, तुझ्याच पिकासाठी गं.

भोंग्यावर नंबर पुकारले गेले. प्रत्येक गटानंतर चिठ्ठ्या टाकून तीन घोड्यांचं रक्त तपासायची तिथली पद्धत होती. तिन्ही नंबर दुसऱ्यांचे निघाले. मास्तरांनी रुमालानं कपाळ पुसलं. "सुटलो. विषय संपला."

काडी तपासणीच्या तंबूकडे निघाली.

मास्तर आडवे आले. "वेडी आहेस का? अर्जावर सही कोणाची आहे? तुझी. नियम वाच. घोड्याच्या अंगात काही सापडलं तर जबाबदार स्वार. मला समज देतील आणि सोडतील, दोन वर्षं बाहेर तू बसशील. मी तुझ्याच भल्याचं सांगतोय."

"तुम्ही आज माझं बरंच भलं केलंत. आता पुरे."

तंबूत डॉक्टरबाई नळ्यांवर चिकटपट्ट्या लावत होत्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुझा नंबर निघालेला नाही, बाळ."

"माहितेय. तरी माझ्या घोड्याचं रक्त घ्या. त्याला सकाळी काहीतरी टोचलंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कोणी?"

"ते मी लिहून देते. पण सही माझी आहे, तेही कळलंय मला."

"आधीचे तीन झाले की येते. तासदीड तास लागेल. रक्तात राहतं ते, घाबरू नकोस."

त्या तासदीड तासात बुजऱ्या जागा झाला. आधी पापणी, मग कातडी, मग कान उभे राहिले. काडी शेजारी पालथ्या बादलीवर बसून ते बघत होती. आई ठाणाबाहेर उभी होती, आत यायचं धाडस न करता. मास्तर गाडीत जाऊन बसले होते.

डॉक्टरबाई पेटी घेऊन आल्या. पेटी उघडल्याचा खटका झाला आणि बुजऱ्या भिंतीला जाऊन भिडला. मामांनी जुन्या सवयीनं खिळ्यावरचा स्वेटर काढून काडीपुढं धरला. तीही बिनडोकासारखी त्याच्याकडे स्वेटर घेऊन गेली.

वास आला मात्र, बुजऱ्या मागच्या पायांवर उभा राहिला. डोळ्यांतलं पांढरं दिसायला लागलं. खूर फळ्यांवर आदळले. बादली उडाली. तो बादलीला बुजला नव्हता, मास्तरांना नाही, पेटीलाही नाही. तो काडीच्या वासाला बुजला होता.

तिनं स्वेटर ठाणाबाहेर फेकला. वाळूत पडला तिथंच राहिला.

"उद्या घेऊ का?" बाईंनी हळूच विचारलं.

"उद्या हे सगळे मिळून मला समजावतील. आजच."

त्याला आज दुसऱ्यांदा टोचणार होते आणि ह्या खेपेला धरणारी ती होती. पण तिनं त्याचे डोळे झाकले नाहीत. बाईंकडून सुई मागून घेतली आणि हातभर अंतरावरून त्याला दाखवली. "ही बघ. हीच दुखते. मीच धरणार आहे. तुला आधी सांगतेय." घोड्याला काय कळतं, असं मामा पुटपुटले. तिनं मामांकडे असं पाहिलं की ते बाहेर गेले.

अर्धा तास लागला. बुजऱ्या थरथरत उभा राहिला, घामानं चिंब झाला, पण उभा राहिला. नळी भरली. बाईंनी चिकटपट्टीवर नंबर लिहिला आणि कागद पुढं केला. काडीनं सही केली, ह्या वेळी वाचून.

"घरी चल गं," आई बाहेरून म्हणाली. रडत होती.

"तू जा. माझे केस मी सोडेन."

तिनं एकेक पिन काढून खिशात टाकली. मग बादली उचलून आणली, पालथी घातली आणि बसली. एक लांब श्वास सोडला. बुजऱ्याचे दोन्ही कान तिच्यावर रोखलेले होते, पुढं, ताठ, पहिल्या दिवशी जगावर रोखलेले होते तसे. दोन वर्षं मैदान बंद होणार होतं. बादलीवर बसायला मात्र कोणाची परवानगी लागत नव्हती.

तिनं पुन्हा श्वास सोडला. त्यानं सोडला नाही.