दोघींत एक कोट

मित्रांनो, केस कापायच्या दुकानात, मोठ्या आरशाशेजारी लटकलेला जुना नारिंगी कोट तुम्ही पाहिला असेल. तो मीच. माझा रंग विटला आहे, डाव्या कोपरावर ठिगळ आहे आणि चेन ओढताना मध्येच अडते. तरीही माझ्या आत आजवर पाण्याचा एक थेंब शिरलेला नाही. हे मी मोठेपणा मिरवायला सांगत नाही. माझे दुःख तेच आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे कापणारे वेगळे, शिवणारे वेगळे. शिवून झाल्यावर मी एका बाईंच्या टेबलावर आलो. प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी लावायची आणि गरम यंत्राखाली ती चिकटवायची, एवढेच त्यांचे काम. सुई जिथून जाते तिथे भोक पडते आणि पाणी नेमके त्याच वाटेने आत येते. बाई शेजारणीपुढे जावयाचे गाऱ्हाणे गात होत्या, पण त्यांचा हात जराही हलत नव्हता. शेवटी त्यांनी मला नळाखाली धरले, आतून तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "कोरडा ठणठणीत! जा आता, कुणाची तरी पाठराखण कर."

मला विकत घेतले ते बस चालवणाऱ्या एका बाईने. घरात ती थोरली. आईवडील गेल्यावर धाकट्या बहिणीला तिनेच वाढवले होते. धाकटीचे खाली केस कापायचे दुकान आणि वर दोघींच्या दोन खोल्या. थोरली मोजके बोलायची. चाके, आरसे, दिवे तपासल्याशिवाय ती कधी बस हलवत नसे. धाकटीचे तोंड मात्र कात्रीपेक्षा जोरात चाले. स्वभाव असे दोन टोकांचे, पण सुट्टी आली की दोघी मिळून डोंगरावर जायच्या.

ते माझे सुखाचे दिवस होते. थोरली मला पिशवीत सगळ्यात वर ठेवायची, कारण पाऊस कोसळू लागला की पिशवी उपसत बसायला वेळ मिळत नाही. घरी परतल्यावर स्वतःचे पाय शेकायच्या आधी ती मला झटकून वाळत टाकायची. धाकटी म्हणायची, "ताईचं लग्न झालंय, फक्त नवरा नारिंगी आहे!"

मग ती पानगळीतली सकाळ आली. डोंगरात हे दिवस फार लबाड असतात. ऊन दाखवून माणसाला वर बोलावतात आणि वर गेल्यावर रंग बदलतात. त्या सकाळी आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ होते. थोरली पिशवी भरत होती. लोकरीच्या टोप्या, हातमोजे, जादा स्वेटर, विजेरी, अंगावर ओढायला प्लास्टिकचा मोठा कागद. धाकटी सुती शर्ट घालून दारात उभी होती.

"ताई, डोंगरावर चाललोय की बिऱ्हाड हलवतोय?"

"तुझा कोट कुठाय?"

"बाहेर बघ तरी जरा! एवढ्या उन्हात कोट घेऊन निघाले तर लोक म्हणतील, पोरीला ताप आलाय."

"वर हवा फिरते."

"फिरू दे की. आपणसुद्धा फिरायलाच चाललोय ना!"

थोरली सहसा हसत नसे. त्या दिवशी ती खळखळून हसली आणि हसता हसता तिने जादा स्वेटर बाहेर काढला. मग हातमोजे, मग टोप्या, मग प्लास्टिकचा कागद. मलाही उचलले, क्षणभर हातात धरले आणि परत आत ठेवले. "हा असू दे," ती म्हणाली, "याची सवय झालीय."

दोघी डोंगराच्या धारेवर पोहोचल्या तेव्हा दुपार झाली होती. पलीकडे एक तळे होते, तिथे बसून खायचा बेत होता. पण थोरली थांबली. समोरच्या शिखराला करड्या ढगाने गिळायला सुरुवात केली होती आणि वारा उलट दिशेने वाहू लागला होता.

"इथून मागे फिरू," ती म्हणाली.

"ताई! तळं हे काय, त्या खडकामागे. एवढं चढून आल्यावर तोंड फिरवायचं?"

थोरलीने ढगाकडे पाहिले, मग बहिणीच्या हिरमुसलेल्या तोंडाकडे पाहिले. "बरं. बघू आणि लगेच निघू."

तळे सुंदर होते. दोघींनी दोन घास खाल्ले असतील नसतील, तोच पलीकडचा काठ नाहीसा झाला. मग मधले पाणी नाहीसे झाले. मग पायाशी असलेला काठही दिसेना. पाऊस आला, आणि पावसामागून बारीक, टोचणाऱ्या गारा.

उतरताना धाकटी आधी थरथर कापत होती. मग तिचे कापणे थांबले. मित्रांनो, कापणे थांबले म्हणजे बरे वाटले असे समजू नका. ते त्याहून वाईट असते. तिची जीभ जड झाली. "मला बसू दे, ताई," ती म्हणाली, "छान झोप येतेय."

थोरलीने तिला दंडाला धरून उभे केले. स्वतःच्या अंगावरून मला उतरवले, बहिणीच्या अंगावर चढवले आणि चेन हनुवटीपर्यंत ओढली.

"आणि तू?"

"माझ्या अंगातला स्वेटर लोकरीचा आहे. लोकर भिजली तरी थोडी ऊब धरते, तुझा सुती शर्ट अंगातली होती तीही ओढून घेतो. तू पुढे हो. मी मागून येते, म्हणजे बसायला लागलीस की मला कळेल."

धाकटी लहान असताना थोरलीच्या बसमध्ये पुढच्या बाकावर बसायची आणि दोघी एक खेळ खेळायच्या. तोच खेळ थोरलीने त्या धुक्यात सुरू केला.

"पुढचा थांबा बाजारपेठ! कुणी उतरणार?"

"कुणी नाही," धाकटी पुटपुटली, "चालू द्या."

"पुढचा थांबा दवाखाना! कुणी उतरणार?"

"कुणी नाही. चालू द्या."

एकेक थांबा, एकेक उतरण. जुनी शाळा झाली, पाण्याची टाकी झाली. माझ्या आत धाकटीला हळूहळू ऊब येऊ लागली, आवाजात धार आली. मागचा आवाज मात्र बारीक होत गेला. एकदा तो म्हणाला, "पुढचा थांबा... दवाखाना."

धाकटीला हसू आले. "अगं ताई, दवाखाना कधीच मागे गेला!"

उत्तर आले नाही. तिने वळून पाहिले. मागे नुसते पांढरे होते.

तिने मारलेल्या हाका मी विसरू शकत नाही. ती परत वर चढली, पडली, माझ्या कोपराचे वरचे कापड खडकावर फाटले. धुक्यात तिला ना बहीण सापडली, ना वाट. शेवटी घसरत, धडपडत ती वनरक्षकाच्या चौकीत पोहोचली. माणसे लगेच वर गेली. धुके उठल्यावर त्यांना थोरली दिसली. वाटेपासून जराशीच बाजूला, खडकाला पाठ टेकून बसली होती, दोन्ही हात पुढे मांडीवर, जणू प्रवासी चढायची वाट पाहते आहे. ती गेली होती.

चौकीत कुणीतरी मला धाकटीच्या अंगावरून काढले. तिने माझ्या आत हात घातला आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "हा कोरडा आहे. बघा ना, आतून हा कोरडा आहे."

त्यानंतर किती पानगळी मी दुकानात लटकून पाहिल्या. धाकटीने माझे कोपर सांधले, पण मला घालून ती कधी बाहेर पडली नाही. तिची बडबड आटली. ती बसने जाईना, कितीही लांब असले तरी पायी जायची. धुके पडले की मात्र गिऱ्हाईक गेल्यावर मला अंगावर चढवून, माझी टोपी डोक्यावर ओढून ती आरशासमोर उभी राहायची आणि हळूच विचारायची, "पुढचा थांबा कुठला, ताई?" आरशात एकच बाई दिसायची. पण मित्रांनो, माझ्या टोपीच्या अस्तरात मला काहीतरी ऐकू यायचे. कोटाला कान नसतात हे मलाही ठाऊक आहे. मला ऐकू आले तेवढे मी सांगतो. आवाज म्हणायचा, "दवाखाना."

एका पानगळीत खुर्चीवर एक चष्मेवाली मुलगी बसली होती. केस कापून घेता घेता म्हणाली, "जरा आखूडच करा, काकू. उद्या बाबांना घेऊन तळ्यावर जातेय. हवा काय मस्त पडलीय!"

कात्री थांबली. "काय घालून जाणार?"

"हेच की. एक कोट आहे घरी. लागला तर बाबांना देईन."

"दोघांत एक?" धाकटीचा आवाज इतका बदलला की मुलीने मान वळवली. मग धाकटीने सगळे सांगितले. मुलीच्या मानेवर कापलेले केस तसेच राहिले आणि ती ऐकत राहिली.

"अंगालगत लोकरीचं घाल, सुती नको," धाकटी शेवटी म्हणाली. "कोट ज्याचा त्याला. टोपी, हातमोजे, विजेरी, आणि खायचं लागेल त्याहून जास्त. किती वाजता मागे फिरायचं ते घरातच ठरव, कारण वर गेल्यावर मन लबाडी करतं. आणि ढग दिसला की तळं राहू दे." मग तिने मला उतरवले आणि मुलीच्या हातात ठेवले.

असा मी पुन्हा त्या वाटेने वर गेलो. धारेवर पोहोचलो आणि समोरच्या शिखरावर करडा ढग आला. बाबा म्हणाले, "एवढं आलोय तर बघूनच जाऊ." मुलगी क्षणभर घुटमळली. "नको बाबा, फिरा मागे," ती म्हणाली. थोडे उतरलो तोच धुक्याने गाठले आणि पाऊस सुरू झाला. दोघे उबेत होते, वाट अजून पायाखाली होती. एका खडकाजवळ मुलगी एकाएकी थांबली.

"बाबा, तुम्ही काही म्हणालात?"

"नाही गं. का?"

"कुणीतरी... काही नाही. चला."

संध्याकाळी तिने मला परत आणले. धाकटी दारातच उभी होती. "तळं दिसलं?" तिने विचारले.

"नाही हो, काकू. त्याआधीच फिरलो."

"नाही दिसलं ना?" धाकटी म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून रडली. खूप वर्षांनी.

आता दुकानात माझ्या शेजारी आणखी खुंट्या आहेत, त्यांवर आणखी कोट. काही लोकांनी आणून दिले, काही तिने जमवले. डोंगरावर जाणाऱ्या कुणीही यावे, न्यावे आणि वाळवून परत आणावे. बोलणे तिला पुन्हा सुचू लागले आहे, पण पानगळीत संध्याकाळ झाली की ती गप्प होते. सगळे कोट परत येईपर्यंत ती दुकान बंद करत नाही. दिवा लावते आणि रस्त्याकडे पाहत बसते.

म्हणून मित्रांनो, सकाळचे ऊन पाहून पिशवी हलकी करू नका. कुणी हसले तर हसू द्या, आणि तुमच्या सोबत्याच्या पिशवीतही एकदा डोकावून पाहा. डोंगर बदलला की मुकाट्याने मागे फिरा. खाली दुकानात एक बाई बसलेली असते. तिला फार वेळ बसवून ठेवू नका.