साफ केलेला आवाज

प्रेमानंदच्या राक्षसाने सगळ्यांत आधी घाबरवलं ते इंदुताईंना. नंदनवन वस्तीतल्या घराच्या मागच्या खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून केलेल्या त्याच्या स्टुडिओत, राक्षस भरदुपारी पहिल्यांदा पूर्ण ताकदीने ओरडला. वरच्या मजल्यावरच्या इंदुताई हातातलं लाटणं तसंच घेऊन खाली उतरल्या.

"कोणाचं काय दुखून राहिलं गा प्रेमानंद? दवाखान्यात ने ना त्याले!"

"राक्षस आहे ताई. गेममधला."

"मंग एवढा काहून ओरडून राहिला तो? त्याले जरा हळू ओरडाले सांग. माह्या हातची पोळी पडली ना खाली," असं म्हणून त्या वर गेल्या. प्रेमानंदने दार लावलं आणि एकटाच हसला. इंदुताईंची पोळी पडली म्हणजे राक्षस जमला होता.

वीसेक वर्षांपूर्वी हाच माणूस खांद्यापर्यंत केस वाढवून, गळ्यात गिटार अडकवून स्टेजवर उड्या मारत असे, हे आज त्याचं टक्कल पाहून कोणाला पटलं नसतं. त्यांच्या बँडचं नाव 'लोहापूल'. रॉक बँड म्हटलं की लोक विचारायचे, "म्हणजे ऑर्केस्ट्रा का? लग्नाचं किती घेता?" तरीही त्यांनी कॉलेजं गाजवली, कामठीला जयंतीच्या स्टेजवर हजारभर माणसं नाचवली. मग सगळ्या बँडचं होतं तेच झालं. एकाला नोकरी लागली, एकाचं लग्न ठरलं आणि गिटार पलंगाखाली गेली. प्रेमानंदला दुसरं काहीच येत नव्हतं, म्हणून तो साडीच्या दुकानांच्या जाहिराती करू लागला. त्यातून मालिका मिळाल्या, मालिकांतून वेब सिरीज आणि आता गेम.

गेमचं संगीत हे मोठं विचित्र काम. त्याला शेवटच नसतो. खेळणारा गुहेत क्षणभर थांबला तर क्षणभर, आणि हातात फोन धरून झोपी गेला तर सकाळपर्यंत ते वाजत राहायला हवं, आणि कुठे तुकडा जोडलाय हे कोणाला कळता कामा नये. जोड लपवायचा, खरखर काढायची, आवाज घासूनपुसून लख्ख करायचा. प्रेमानंदचं पोट त्यावरच चालत होतं, आणि या कामात त्याचा हात धरणारं विदर्भात कोणी नव्हतं, असं त्याचं स्वतःचं तरी मत होतं.

हा गेम पुण्याच्या एका कंपनीचा होता. बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत एक राक्षस राहतो, अशी गोष्ट. राक्षसासाठी त्याने वाघ वापरून पाहिला, रेड्याचं हंबरणं उलटं वाजवून पाहिलं, पण कंपनीतली प्रीती प्रत्येक वेळी तेच कळवायची, "छान आहे, पण भीती नाही वाटत." शेवटी वैतागून त्याने काँप्युटरमधलं एक जुनं फोल्डर उघडलं. त्यावर फक्त 'सौरव' असं लिहिलं होतं.

सौरव हा लोहापूलचा गायक. गाता गाता तो जी किंकाळी फोडायचा, तिने पुढच्या रांगेतली पोरं दोन पावलं मागे सरकायची. आणि हाच सौरव बोलायला लागला की अडखळायचा. अडखळणं म्हणजे असं तसं नाही. 'चहा' म्हणायला इतका वेळ लावायचा की तोवर प्रेमानंद चहा मागवून मोकळा झालेला असे. गाताना मात्र एकही अक्षर अडत नसे. त्यामुळे दोन गाण्यांच्या मधलं बोलणं नेहमी प्रेमानंदकडे. सौरवचं वाक्य अडलं की ते पुरं करणंही त्याच्याकडे. ती त्याची सवयच झाली होती, आणि आपण मित्राची अब्रू राखतो याचा त्याला थोडा अभिमानही होता.

बँड मोडल्यावर प्रॅक्टिसच्या सगळ्या कॅसेट त्याने एकदा काँप्युटरवर उतरवून घेतल्या. तेव्हा तो नव्या धंद्यातली साफसफाई नुकताच शिकला होता, आणि नवी विद्या शिकलेल्या माणसाचे हात फार शिवशिवतात. गाणी ठेवली, किंकाळ्या एकेक करून सुट्या काढल्या आणि मधली बडबड, चहाच्या ऑर्डरी, सौरवचं ततपप, सगळं कापून टाकलं. कॅसेट भंगारवाल्याकडे गेल्या. मित्राचं व्यंग पुसून टाकलं, असंच त्याला तेव्हा वाटलं होतं.

पुढे सौरवच्या घशाला कॅन्सर निघाला. सोळाव्या वर्षापासून तंबाखू-सुपारीचा खर्रा खात होता, त्याची पन्नी खिशातून कधी सुटली नाही. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. प्रेमानंद दवाखान्यात एकदा जाऊन आला. गळ्याला पाडलेलं ते भोक पाहून पाचच मिनिटांत बाहेर पडला, आणि मग आज जाऊ, उद्या जाऊ करत तो पुन्हा गेलाच नाही. तेव्हा सौरवची मुलगी पाळण्यात होती. आता ती चौथीत होती.

राक्षस ऐकून प्रीतीचा लगेच फोन आला. "सर, अंगावर काटा आला! हा माणसाचा आवाज आहे का?"

"माझ्या जुन्या मित्राचा."

"मग त्यांचा लेखी होकार लागेल. माणसाच्या आवाजाच्या बाबतीत आता सगळे फार कडक झालेत. तो नसेल तर राक्षस बदलावा लागेल."

राक्षस बदलायचा म्हणजे पुन्हा वाघ आणि रेडा. इतक्या वर्षांत आपण केलेल्या कामातली हीच एक गोष्ट खरी आहे, हे प्रेमानंदला मनोमन माहीत होतं. रविवारी त्याने गाडी काढली आणि अख्खं शहर ओलांडून हिंगण्याला गेला.

दार सौरवच्या बायकोने, सोनिकाने उघडलं. "बाप्पा! भाऊजी? रस्ता चुकले का?"

तिने टोमणा मारला तो सरळ लागला. सौरव आतून आला. हिंगण्याच्याच एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये तो काम करत होता, तब्येत बरी होती, गळ्यावर पांढऱ्या कापडाचा छोटा पडदा बांधलेला होता. त्याने प्रेमानंदच्या पाठीत एक जोरात धपका घातला आणि फोनवर टाइप करून समोर धरलं, "टकल्या."

प्रेमानंदला रडू येईल असं वाटलं. ते टाळायला त्याने घाईघाईने हेडफोन काढून सौरवच्या कानांना लावले आणि राक्षस ऐकवला. किंकाळी यायच्या आधी जिथे श्वास होता, तिथे सौरवची छाती आपोआप फुगली. मग तो हसला, खांदे हलले, आवाज नाही. त्याने पुन्हा ऐकलं, डोळे पुसले. कशासाठी आलोय ते प्रेमानंदने सांगितलं, तेव्हा सौरवने बराच वेळ टाइप केलं.

"सही देतो. पण आधी पोरीले, नूपुरले, माहं बोलणं ऐकव. गाणं नको. बोलणं. प्रॅक्टिसच्या कॅसेटमधलं. तुह्यापाशी असनच."

"आमच्यापाशी काहीच नाही भाऊजी," सोनिका म्हणाली. "कोणी मोबाइल समोर धरला का यांच्या तोंडाले कुलूप. लग्नाच्या सीडीत नुसते हसून राहिले. पप्पा कसे बोलत होते, हे पोरीले सांगून सांगून थकली मी. म्हणते, तू खोटं सांगतं."

पोरीचा बाप कधी बोलत होता यावरच पोरीचा विश्वास नाही, असा अर्थ प्रेमानंदने घेतला. पडद्याआड नूपुर उभी होती. त्याने तिला नाव विचारलं, तर तिने आईकडे पाहिलं आणि उत्तर आईनेच दिलं. लाजरी आहे, असं त्याला वाटलं.

खरं सांगायची तीच वेळ होती. पण सौरव इतक्या आशेने पाहत होता की प्रेमानंदच्या तोंडून भलतंच निघालं. "आहे ना! आणतो ना पुढच्या रविवारी."

घरी येऊन त्याने सगळ्या डिस्क पालथ्या घातल्या. किंकाळ्या होत्या, लांब, आखूड, चढत्या, उतरत्या, प्रत्येकीला नाव दिलेलं. बोललेला एक शब्द नव्हता. आपण किती नीट काम करतो हे त्याला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं, आणि स्वतःचाच राग आला.

मग त्याने तेच केलं जे त्याच्या धंद्यातला माणूस करेल. आवाज शिकून घेणारं सॉफ्टवेअर त्याच्याकडे होतं. त्याला सौरवची गाणी भरवली आणि बोलतं केलं. "अबे प्रेम्या, तो गिटारचा अँप कमी कर ना. चहा सांगितला का कोणी? चला, पुन्हा पहिल्यापासून घेऊ." खाली कॅसेटची खरखर टाकली, पंख्याची घरघर टाकली, दूर कुठेतरी ड्रमवर एक काडी पडू दिली. ऐकून तो स्वतःच चपापला. सौरव खोलीत उभा होता.

अडखळणं घालावं का, असं त्याच्या मनात येऊन गेलं. घालणं कठीण नव्हतं. पण लेक पहिल्यांदा बापाचं बोलणं ऐकणार, तिथे बापाला कशाला अडखळवायचं? सौरवला कळेल, सोनिकाला कळेल, पण पोरीच्या आनंदापुढे तेही काही बोलणार नाहीत. अशी स्वतःची समजूत घालून त्याने ते पुन्हा एकदा साफ केलं.

रविवारी सोनिकाने पोहे केले होते. नूपुर केस विंचरून, शाळेत फोटो काढायचा असल्यासारखी खुर्चीवर बसली होती. सौरव तिच्या मागे, तिच्या खांद्यांवर हात ठेवून. प्रेमानंदने कंपनीचा होकाराचा कागद आणि छोटा स्पीकर टेबलावर ठेवून बटण दाबलं.

खरखर आली, पंखा आला आणि मग सौरव बोलला. सलग, मोकळा, बिनधास्त.

प्रेमानंदने सौरवकडे पाहिलं. पहिल्याच वाक्याला त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. सोनिका हातात पोह्यांची प्लेट घेऊन तशीच उभी राहिली. भरून आलं असेल, असं प्रेमानंदने मनाशी म्हणून पाहिलं, पण ते तसं नव्हतं.

आवाज थांबला. नूपुर स्पीकरकडे बघत होती.

"प... प... पप्पा तं," ती म्हणाली. प्रेमानंद तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होता. "प... पप्पा तं कु... कुठंच अ... अडकले नाही." ती आईकडे वळली. "तू ख... खोटंच सांगत होती."

तिने बापाचे हात खांद्यांवरून काढले आणि आतल्या खोलीत निघून गेली.

मग सोनिका प्लेट ठेवून हळू आवाजात बोलू लागली. "वर्गात वाचाले उभं केलं का पोरं नक्कल करतात तिची. दिवाळीपासून शाळेत तोंडच उघडत नाही. आम्ही सांगून राहिलो, तुहे पप्पाबी असेच अडकत होते, अन् तरी हजार माणसाइसमोर गायले. तिले वाटते आम्ही मन राखाले सांगतो. तेवढंच ऐकवाचं होतं भाऊजी. त्याचं अडकणं."

सौरवने फोन हातात घेतला नाही. त्याने टेबलावरचा कंपनीचा कागद ओढला, खिशातून पेन काढलं, सही केली आणि कागद प्रेमानंदपुढे सरकवला. कबूल केलं होतं, म्हणून दिला. त्याच्याकडे पाहिलं मात्र नाही.

कागद उचलायचा आणि निघायचं, एवढंच उरलं होतं. राक्षस आता कायदेशीर त्याचा होता. प्रेमानंद उठला, पण दाराकडे न जाता आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी गेला. नूपुर पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. सोनिका आणि सौरव त्याच्या मागे येऊन उभे राहिले.

"नूपुर," तो म्हणाला, "तो आवाज तुह्या पप्पाचा नाही. मी काँप्युटरवर बनवला. तुही मम्मी खरं सांगते. तुहे पप्पा अडकत होते. लय अडकत होते."

तिने वळून पाहिलं. "म... मंग ख... खरा आवाज कुठं आहे?"

"नाही आहे. मीच कापून टाकला."

नूपुर त्याच्याकडे बघत राहिली. राग होता, पण त्याहून जास्त आश्चर्य होतं. एवढी मोलाची वस्तू कोणी का टाकेल, हे तिला खरोखरच कळत नव्हतं.

"का..." ती अडकली. "का... का..."

शब्द कोणता ते प्रेमानंदला कळलं होतं. तो त्याच्या जिभेवर येऊन बसला होता. असे कितीतरी शब्द त्याने सौरवच्या तोंडातून काढून घेऊन पुरे केले होते. या वेळी त्याने दात घट्ट मिटले आणि उभा राहिला. सोनिका थांबली. सौरवही थांबला. पोरीची मान ताठ झाली, डोळे मिटले, ओठ थरथरले, पण तिने शब्द सोडला नाही.

"काहून?" तिने विचारलं.