पूर्णेला आलेली भरती

पूर्णेकाठच्या त्या गावात विहिरीचं पाणी असं खारट, की कावळा एकदा चोच बुडवायचा आणि थेट तेल्हाऱ्याला जाऊन गुळणी करायचा. केशरबाईचा नवरा पंजाबराव याच पाण्यावर साठ वर्षं जगला आणि आता त्याच्या किडन्यांनी हात टेकले होते. अकोल्याच्या डॉक्टरनं साफ सांगितलं, गोडं पाणी पाजा, नाहीतर पुढचा उन्हाळा विसरा. गोड्या पाण्याच्या नळाला मंजुरी हवी, तर नदी खारी असल्याचा दाखला हवा. तो द्यायला कुठल्याशा खात्यानं अंकुर साहेबाला धाडलं.

साहेबानं बंधाऱ्यामागच्या गुडघाभर पाण्यात पिवळं तरंगतं यंत्र सोडलं, काठावर छत्री रोवली आणि बसला. तिसऱ्या दिवशी केशरबाई चहा घेऊन गेली.

"सायेब, कायची वाट पाहून राहिले?"

"भरतीची. फॉर्मवर दोन रकाने आहेत, भरतीचं पाणी आणि ओहोटीचं पाणी. दोन्ही भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही."

फॉर्म छापला होता कोकणातल्या खाड्यांसाठी. केशरबाईनं किडक्या तुरीकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

"अन् समुद्र कुठी हाये इथं?"

"ते माझ्याकडे येत नाही."

"मंग मनानं लिवून टाका ना, बाप्पा!"

"खोटं? सरकारी कागदावर?" साहेबाचे कान लाल झाले. "चौदा वर्षांत एक आकडा खोटा लिहिला नाही मी."

असला प्रामाणिक माणूस केशरबाईनं जन्मात पाहिला नव्हता, आणि पुन्हा पाहायची तिला हौसही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं शेजारच्या संघपालला हाताशी धरून गावातल्या झाडून साऱ्या म्हशी पाण्यात घातल्या. एकशे चाळीस. म्हैस पाण्यात शिरली की बसणारच. बसल्या, तसं पाणी चढलं. छत्री वाहून गेली आणि यंत्र तरंगत येऊन साहेबाच्या मांडीवर विसावलं.

"आली भरती. लिवा!"

साहेबानं वेळेसकट लिहिलं. मग संघपालनं म्हशी हाकलल्या, पाणी उतरलं, दुसरा रकानाही भरला.

संघपालला राहवलं नाही. "सायेब, म्हशी दिसल्या नाई का तुमाले?"

"दिसल्या ना. म्हशींचा रकाना नाही."

महिन्याभरात मंजुरी आली, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर नळ. पंजाबरावनं पहिला पेला हातात घेतला आणि हसला. "काय येडा सायेब होता, केशर!"

"नावं ठेवू नका जी त्याले. हुशार असता तं पयल्याच दिवशी फारम गुंडायून परत गेला असता, अन् तुमी मेले असते. प्या गुमान."